सात वितींची तल्ली

एका बाजूला तांबूस डोंगर, दुसऱ्या बाजूला निळा निळा समुद्र आणि मध्ये खजुराची हिरवीगार बाग, अशा जागी वाळूच्या रंगाचं एक गाव बसलं होतं. डोंगरातलं पाणी एका अरुंद पाटातून गावात यायचं. त्या पाटाला तिकडचे लोक फलज म्हणतात. फलज बागेतून झुळझुळत जायचा, झाडांच्या मुळांना गुदगुल्या करायचा आणि शेवटी एका झावळ्यांच्या झोपडीजवळ येऊन संपायचा. त्या झोपडीत अफ्रा राहायची. ती नऊ वर्षांची होती.

अफ्राचे वडील तीन वर्षांपूर्वी मोती काढायला समुद्रावर गेले. वादळ आलं, आणि त्यांची होडी काही परत आली नाही. तेव्हापासून घरात तिघीच होत्या. आई, मोठी बहीण हमदा आणि अफ्रा. आईची दहा बोटं कामाला होती, म्हणून तिघींच्या पोटात खजूर आणि भाकर जात होती.

ही बोटं काय करायची? तल्ली विणायची. तल्ली म्हणजे झगझगीत गोफ. लोखंडी घोडीवर एक गोल गुबगुबीत उशी ठेवायची. तिच्यावर सहा रिळांचे रंगीत दोरे टाचणीनं अडकवायचे, मध्ये सुरतेहून आलेली चांदीची पातळ जर धरायची आणि रिळं एकमेकांवरून टाकत जायची. टक टक, टक टक. मग उशीवरून लाल, हिरवी, रुपेरी फीत हळूहळू खाली उतरायची. ती बायकांच्या झग्याच्या गळ्याला लागायची, बाह्यांना लागायची, सलवारीच्या घोट्याला लागायची. साधं कापडसुद्धा तल्ली लागली की सणाचं होऊन जायचं. आईच्या तल्लीतली जर माशाच्या काट्यासारखी डावीकडे झुकत जायची. एक काटा चुकला तरी आई ती उसवून पुन्हा विणायची.

आता हमदाचं लग्न ठरलं होतं. खजूर उतरला की लग्नं, ही त्या गावची रीत. नवरदेवाचं नाव खल्फान. शेजारच्या गावात तो खजुराच्या झाडांवर सरसर चढायचा, आणि हमदाचं नाव निघालं की कानापर्यंत लाल व्हायचा. हमदासाठी पोपटी रेशमाचा झगा शिवून झाला होता. उजव्या मनगटावर तल्लीच्या सात ओळी लागल्या होत्या. प्रत्येक ओळ एक वीत, म्हणजे सात विती. डावं मनगट अजून मोकळं होतं.

आणि नेमके तेव्हाच आईचे डोळे आले.

आधी लाल झाले, मग सुजले, मग उघडेचनात. वैदूबाईनं काळा लेप लावून पट्टी बांधली आणि म्हणाली, "वीस दिवस उजेड बघायचा नाही. पट्टी सुटली की मग बघू, दिसतंय का." लग्नाला उरले होते दहा दिवस. वैदूबाईचं ते 'बघू' अफ्राच्या कानातून जाईना.

तुम्ही म्हणाल, मग हमदानंच विणावी की. पण नवरीनं स्वतःच्या बाहीला हात लावायचा नसतो. शेजारणीनं विणावी? छे, तेही चालत नाही. लग्नाच्या सकाळी गावातली थोरली बाई नवरीची दोन्ही मनगटं शेजारी शेजारी धरते आणि निरखून बघते. दोन्हीकडची तल्ली जुळली तर ती म्हणते, "एक घर, एक हात," आणि मग लग्न लागतं. जुळली नाही, तर लग्न पुढच्या खजुरापर्यंत थांबतं. म्हणजे अख्खं वर्ष. रीत खुळी होती का शहाणी, हा वेगळा प्रश्न. गावात ती होती, एवढं खरं.

हमदाला सोडलं, तर आईच्या हाताखाली शिकलेली एकटी अफ्राच होती. आईनं चाचपडत तिचे हात हातात घेतले. "करशील, बाळा?"

"करीन, उम्मी," अफ्रा म्हणाली. तिकडची मुलं आईला उम्मी म्हणतात. तिचा आवाज धीट होता. बरं झालं, आईला तिचा चेहरा दिसत नव्हता.

"एवढंच लक्षात ठेव. उठायच्या आधी टाचणी, मग पाय. रिळं मोकळी टाकून कधी उठायचं नाही."

अफ्रानं पितळी वाटीत खजुराच्या दहा बिया टाकल्या. दर संध्याकाळी एक बी काढून शेळ्यांच्या खाण्यात टाकायची, म्हणजे किती दिवस उरले ते कळेल. तिचा हात लहान होता. दिवसभर मान मोडून विणलं, तर जेमतेम एक वीत होणार. सात विती, दहा दिवस. तिनं हा हिशेब पाच वेळा केला. पाचही वेळा तोच आला, तरी तिला धीर येईना.

त्यात उम्म सैफ येऊन गेली. उम्म सैफ म्हणजे सैफची आई. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात. गावातली थोरली बाई ती हीच. निळसर सोनेरी चमकीचा, फक्त चेहऱ्यापुरता बुरखा तिच्या नाकावर चोचीसारखा उभा राहायचा आणि त्यामागचे डोळे सुईसारखे होते. "नऊ वर्षांच्या पोरीची तल्ली नवरीच्या मनगटावर?" ती दारातूनच म्हणाली. "बघू या हं." आणखी एक 'बघू'. आता कानात दोन 'बघू' घुमायला लागले.

अफ्रा रोज सकाळी फलजच्या काठी खजुराच्या सावलीत बसायची. पहिल्या दिवशी एक वीत झाली. दुसऱ्या दिवशी एक. झालेली तल्ली लगेच लाकडी काडीवर गुंडाळून मलमलीच्या फडक्याखाली ठेवायची असते, कारण घामट हात लागला की चांदी काळवंडते. संध्याकाळी आई शेवटचं टोक बोटांनी चाचपायची आणि म्हणायची, "घट्ट आलीय." त्या एका शब्दावर अफ्राला झोप लागायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती बसली, टाचणी काढली, सहा रिळं बोटांत घेतली, आणि समोर बघते तर काय? शेजारच्या मैथाखालाचा, म्हणजे मैथामावशीचा, दीड वर्षाचा मुलगा सलूम दुडुदुडु धावत फलजकडे निघाला होता. पाण्यावर काहीतरी चमचमत होतं, ते पकडायला त्यानं दोन्ही हात पुढे केले होते. त्या जागी फलज खोल होता.

अफ्रा उठली. टाचणी नाही, काही नाही. रिळं मांडीवरून गडगडली आणि ती धावली. सलूमचा एक पाय पाण्यात गेलाच होता, तेवढ्यात तिनं त्याला झग्याला धरून मागे ओढलं. तो आधी रागावला, मग रडला, मग तिच्या नाकाला हात लावून हसला. मैथाखाला धावत आली आणि तिनं दोघांनाही एकदमच कवटाळलं.

अफ्रा परत आली. रिळं वाळूत पडली होती. तिनं ती पुसली, आठवून आठवून ओळीनं लावली. लाल, हिरवं, लाल... की हिरवं, लाल, लाल? तिनं डोळे मिटून आईचे हात आठवले आणि विणायला लागली. टक टक, टक टक. लावली असतील नीट, तिनं मनाला सांगितलं.

"चूक माझी होती," एक इवलासा आवाज आला.

फलजच्या काठावर बोटाएवढी एक परी बसली होती. तिचा घागरा खजुराच्या कोवळ्या पातीसारखा पोपटी, केस पिवळेधमक, पायांत थेंबांचे पैंजण, आणि पंख! पंख तल्लीचे होते, रुपेरी, बारीक विणीचे, हलले की ऊन शिंपडणारे.

"मी पाण्यावर खेळत होते. ते बाळ माझ्या मागे आलं. तू धावली नसतीस, तर..." परीनं चिमुकला हात गालाला लावला. "म्हणून तुला तीन इच्छा देते."

अफ्रानं श्वास घेतला तो सोडलाच नाही. "आईचे डोळे बरे कर."

"अगं, थांब. आधी नियम ऐक. या इच्छा तुझ्या उंबरठ्याच्या आत चालत नाहीत. स्वतःसाठी नाही, घरच्यांसाठी नाही. दुसऱ्यासाठीच मागायच्या. आणि इच्छा हवेतून येत नाही. कुणाच्या तरी हातच्या कामातूनच ती निघते. एक इच्छा मागितलीस की तुझ्या तल्लीची एक वीत उसवणार. शेवटी विणलेली आधी जाणार. दोरे राहतील, जर राहील, पण वीण जाईल."

अफ्राचा चेहरा पडला. "मग मला या इच्छा नकोत. माझ्याकडे द्यायला एकही वीत नाही."

"नको तर नको. लग्नाच्या सकाळपर्यंत मी इथंच आहे," परी म्हणाली आणि पाण्याच्या एका झगमगत्या लाटेत शिरली.

असली कसली परी, अफ्राला वाटलं. देते म्हणते आणि घेते. तिनं ठरवून टाकलं, एकही इच्छा मागायची नाही. त्या दिवशी तिसरी वीत झाली, चौथ्या दिवशी चौथी, पाचव्या दिवशी पाचवी. वाटीत पाच बिया उरल्या आणि दोनच विती राहिल्या. पहिल्यांदाच तिनं विणता विणता एक गाणं गुणगुणलं.

सहाव्या दिवशी वारा सुटला.

आधी क्षितिजावर पिवळी रेघ दिसली, मग ती वाढत वाढत भिंतीएवढी झाली, आणि मग सगळं गाव वाळूत बुडालं. दुपारीसुद्धा हळदीच्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसत होतं. अशा हवेत तल्ली विणता येत नाही. वाळूचा कण विणीत गेला की जर कापली जाते. अफ्रा फडक्याखालची तल्ली छातीशी धरून उंबरठ्याजवळ बसून राहिली. एक दिवस वाया चालला होता आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

तेवढ्यात शेजारून मैथाखालाची किंकाळी आली. तिच्या झोपडीचं झावळ्यांचं छप्पर एका बाजूनं उचललं होतं आणि मधला जाड वासा करकरत खाली झुकत होता. खाली सलूम पाळण्यात होता. मैथाखाला दोन्ही हातांनी वासा तोलून उभी होती आणि बाळाकडे जाऊ शकत नव्हती. हमदा धावली, पण वाऱ्यानं तिला दोनदा मागे ढकललं.

अफ्रानं तल्लीकडे बघितलं, वाशाकडे बघितलं. "परी," ती म्हणाली, "खालाचं छप्पर राहू दे."

उंबरठ्याबाहेर पिवळ्या धुळीत एक रुपेरी ठिणगी चमकली. वासा जागच्या जागी बसला, छप्पर थोपटल्यासारखं खाली आलं. आणि अफ्राच्या हातातल्या फडक्याखाली सुळसुळ सुळसुळ असा आवाज झाला. पाचवी वीत गेली होती. तिनं मोकळे दोरे मुठीत धरले आणि हमदाला काही सांगितलं नाही. आईलाही सांगितलं नाही. आईनं विचारलं, "किती झाली गं?" ती म्हणाली, "छान चाललंय, उम्मी." खोटं बोलता बोलता तिनं मोकळे दोरे फडक्यात आणखी आत सरकवले.

सातव्या दिवशीही वारा थांबेना. सकाळी दारात उम्म सैफ उभी राहिली. बुरख्याची चमक धुळीनं गेली होती आणि नेहमी ताठ असणारी मान वाकली होती.

"माझी लूलू इकडे आली का?" लूलू म्हणजे तिची पांढरी शेळी. उम्म सैफचा मुलगा दूर देशी होता. म्हातारी आणि शेळी, एवढाच तिचा संसार.

"नाही आली," अफ्रा म्हणाली.

मदत मागणं उम्म सैफला येतच नव्हतं. ती वळली आणि परत वाऱ्यात गेली. जाऊ दे, अफ्राला वाटलं. एका शेळीसाठी एक वीत? आणि तीही हिच्या शेळीसाठी? पण वाऱ्यातून हाक ऐकू यायला लागली. "लूलू... लूलू..." हाक कधी जवळून यायची, कधी लांबून, आणि दर वेळी आधीपेक्षा बारीक व्हायची. मग हाक येईनाशी झाली. ते मात्र अफ्राला अजिबात सोसवेना.

"परी, दोघींना घरी आण," ती म्हणाली. "शेळीला आणि... त्यांनाही."

ठिणगी चमकली, सुळसुळ झाली, चौथी वीत गेली. थोड्या वेळानं पलीकडून शेळीचं बें बें ऐकू आलं, आणि उम्म सैफचं तिला रागावणंही ऐकू आलं. अफ्राला एकाच वेळी हसू आलं आणि रडू आलं.

तिसरी इच्छा दुपारी मागावी लागली. गावातल्या बायका किनाऱ्याकडे धावत होत्या. वारा सुटायच्या आधी सात होड्या मासे धरायला गेल्या होत्या आणि परत आल्या नव्हत्या. मैथाखालाचा नवरा त्यांत होता. कितीतरी मुलांचे वडील होते. अफ्राच्या घरचं मात्र कोणी त्या होड्यांत नव्हतं. तिच्या घरचं कोणी समुद्रावर जाणारं उरलंच नव्हतं.

ती उंबरठ्यात उभी राहून बघत होती. तीन वर्षांपूर्वी आईसुद्धा अशीच पळत गेली होती, एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा. संध्याकाळी परत आली तेव्हा दुसरी चप्पलही पायात नव्हती. तेव्हा कुणाकडे एखादी इच्छा असती तर?

तिच्या मुठीत आता तीन विती होत्या. ही दिली की दोन उरणार. दोनच. म्हणजे पाच विती विणायच्या आणि दिवस तीन. म्हणजे हमदाचं लग्न मोडणार... मोडणार नाही, थांबणार. वर्षभर थांबणार. हमदा रडणार नाही, ती हसून म्हणेल 'असू दे गं', आणि ते रडण्याहून वाईट असेल.

"परी," अफ्रा म्हणाली आणि ती मोठ्यानं रडायलाच लागली. "सगळ्या होड्या परत आण. सातच्या सात."

सुळसुळ. वारा एकदम मंदावला, जणू कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पिवळा पडदा फाटला, आणि समुद्रावर एक, दोन, तीन, सात शिडं दिसली. किनाऱ्यावरून बायकांचा आवाज उठला. अफ्रा मात्र आत वळली, आईच्या मांडीत डोकं खुपसलं आणि सगळं सांगून टाकलं. सलूम, परी, छप्पर, शेळी, होड्या. "आता दोनच विती उरल्यात, उम्मी. मी ताईचं लग्न थांबवलं."

हमदा दारात उभी राहून ऐकत होती. ती आली आणि अफ्राजवळ जमिनीवर बसली. ती 'असू दे गं' म्हणाली नाही. तिनं अफ्राच्या केसांतली वाळू बोटांनी काढायला सुरुवात केली, आणि तिचे डोळे भरून वाहत होते.

"मी आत येऊ का?" उंबरठ्यावरून आवाज आला.

परी उभी होती. तिचे पंख फिकट झाले होते, पण डोळे हसत होते. "एक चौथा नियम आहे. तो आधी सांगायचा नसतो. सांगितला असता तर सगळं गावच दानशूर झालं असतं. ज्यानं तीनही इच्छा उंबरठ्याबाहेर दिल्या, त्याच्या घरात चौथी इच्छा आपण होऊन येते. तिची किंमत नाही."

अफ्राला काही मागायला सुचायच्या आतच परी आईच्या पट्टीवर जाऊन बसली. तिनं दोन्ही पंख पसरले आणि काळ्या कापडावर चंदेरी उजेड सांडला. आईनं हळूच पट्टी सोडली, लेप पुसला, पापण्या फडफडवल्या. आधी तिनं अफ्राकडे बघितलं, मग हमदाकडे, मग पुन्हा अफ्राकडे. "बारीक झालीस गं," ती म्हणाली. आईचे डोळे बरे झाले याचा याहून पक्का पुरावा तुम्हाला हवा असेल, तर तुम्हाला आई माहीत नाही.

खूप वेळ सगळ्या नुसत्या रडल्या. मग आईनं फडकं उलगडलं. शिल्लक राहिलेल्या दोन विती पाहिल्या आणि मान डोलावली. उसवलेली जर हातात घेतली, उजेडात धरली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. चांदीची जर घड्या विसरत नाही. कशी विणली होती, ते उसवल्यावरही तिच्यावर दिसतं.

"अफ्रा, तिसऱ्या दिवशी तू टाचणी न लावता उठलीस ना?"

"सलूम पडत होता..."

"परत आल्यावर दोन रिळांची अदलाबदल झाली तुझी. इथून पुढे सगळे काटे उजवीकडे झुकलेत. हाताला कळलं नाही मला, वीण घट्टच होती. हे डोळ्यांनाच दिसतं." आईनं बोटानं मोजलं. "तीन विती. बरोबर त्याच तीन, ज्या तू देऊन टाकल्यास."

अफ्रा बघतच राहिली. त्या तीन विती राहिल्या असत्या, सातच्या सात पुऱ्या झाल्या असत्या, आणि लग्नाच्या सकाळी उम्म सैफनं मनगटं शेजारी धरली असती... तिच्या अंगावर काटा आला. तिनं परीकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"मला घ्यायची तेवढी वीण माहीत असते," परी म्हणाली आणि तिनं मुद्दामच छताकडे बघितलं.

त्यानंतरचे तीन दिवस घरात टक टक हाच आवाज होता. आईनं खजुराच्या गुळगुळीत बीनं चोळून चोळून जरीच्या घड्या सपाट केल्या. ती विणायला बसली की रिळं तिच्या हातात नाचायची. आठव्या दिवशी दोन विती, नवव्या दिवशी दोन. तरी अफ्राचा जीव थाऱ्यावर नव्हता. आईचे डोळे पुन्हा लाल तर होत नाहीत ना, हे ती दर घटकेला बघायची. आई उठायला लागली की ती आधी टाचणी पुढे करायची. दहाव्या दिवशी दुपारी शेवटची वीत झाली आणि वाटीतली शेवटची बी लूलूनं कुडुम कुडुम खाल्ली.

लग्नाच्या सकाळी पेटारा उघडला. नवरीचा झगा एकदा पेटाऱ्यात गेला की त्याच सकाळी बाहेर काढायचा असतो. आईनं डाव्या मनगटावर सात ओळी टाचून दिल्या. पोपटी रेशमात हमदा कोवळ्या खजुरासारखी दिसत होती. अंगण बायकांनी भरलं होतं, मेंदीचा वास सुटला होता, आणि मध्ये उम्म सैफ बसली होती. अफ्रा आईच्या मागे दडली आणि आईच्या झग्याचं टोक मुठीत घट्ट धरून उभी राहिली.

उम्म सैफनं हमदाची दोन्ही मनगटं शेजारी धरली. वरच्या ओळी बघितल्या, मधल्या बघितल्या. मग डावीकडच्या खालच्या दोन ओळींवर तिचं बोट आलं, पुढे गेलं, मागे आलं आणि थांबलं.

"इथे हात बदललाय," ती म्हणाली.

हमदाचा चेहरा पांढरा पडला. अफ्राच्या मुठीतून आईच्या झग्याचं टोक सुटलं.

"या दोन ओळी कुणाच्या?"

आई बोलणार होती, पण अफ्राच पुढे झाली. "माझ्या," ती म्हणाली. "काटे डावीकडेच आहेत, खाला. मी मोजलेत."

उम्म सैफनं सुईसारखे डोळे तिच्यावर रोखले. मग तिनं अफ्राचा हात ओढून घेतला. जरीनं कापलेली, लाल झालेली दहा बोटं एकेक करून बघितली. पुन्हा तल्ली बघितली. काटे सगळे डावीकडे होते, ओळ ओळीला लागून होती. खालच्या दोन ओळी फक्त जरा जास्तच घट्ट होत्या. घाबरलेलं माणूस विणतं तशा.

"एक घर," उम्म सैफ म्हणाली. मग जरा थांबली. गावानं त्या जागी आजवर एकच शब्द ऐकला होता. "दोन हात. पुढच्या नवरीचीही सोय झाली."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. पण थोरलीनं म्हटलं ते म्हटलं. मैथाखालानं सगळ्यांत आधी जीभ हलवून आनंदाची ललकारी दिली, मग दुसरीनं, मग अंगणभर ती घुमली. हमदानं अफ्राला दोन्ही तल्लीच्या हातांनी जवळ ओढलं, आणि अफ्राच्या कानातले दोन्ही 'बघू' त्या ललकारीत बुडून गेले.

तेव्हा डाव्या मनगटाच्या अगदी खालच्या ओळीतून एक रुपेरी ठिपका सुटला. तो हमदाच्या बाहीवरून वर गेला, उम्म सैफच्या बुरख्यावर क्षणभर टेकला, अफ्राच्या कानाशी येऊन पैंजणांची किणकिण करून गेला. मग तो उन्हात शिरला. ऊन एकदम इतकं उजळ झालं, की सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले. सगळ्यांना वाटलं, ढग बाजूला झाला.

मैथाखालाच्या कडेवर बसलेल्या सलूमनं मात्र दोन्ही हात वर केले. आभाळाकडे बराच वेळ बघून तो अफ्राला म्हणाला, "गेली."

"हो," अफ्रा म्हणाली आणि तिनं त्याला आपल्या कडेवर घेतलं.